खर्चाचा कच्चा अंदाज

पारसच्या वीजकेंद्रातून हे निवृत्त झाले
त्याच महिन्यात आणली दोनशे पानी वही.
पहिल्या पानावर श्री,
त्याखाली कंबोडिया.

कुण्या डोंगरदिवे साहेबांनी सांगितलं होतं चहावर:
नदीकाठी घर, खाली एक खोली, वर एक, दोनशे डॉलर.
व्हिसा वर्षाचा, एजंट करून देतो.
शहाळं अर्ध्या डॉलरला.
मोलकरीण आठवड्यातून दोनदा.
विमा, हे खोडून पुन्हा लिहिलेलं.
दरसाल एक खेप अकोल्याला, लग्नसराई पाहून.
बेरीज पेन्शनच्या आत बसली
तेव्हा यांनी पेनाला टोपण असं लावलं
जसं रात्रपाळी संपताना लॉगबुक मिटायचे.

बाहेर सेहेचाळीस होतं.
कूलरमध्ये बादली ओतत मी विचारलं,
तिथं तुरीची डाळ मिळते का?
हे म्हणाले, पाह्य, एवढी दुनिया सांगतली,
हे डाळीच्या पुढं जाईन तं शपथ.

गेलो. दोन महिने, पाहून यावं म्हणून.
कंपोट नावाचं गाव. नदी रुंद, तपकिरी.
आमच्या मन नदीला बाराही महिने पाणी असतं
तर ती अशी दिसली असती, आळशी आणि भरलेली.
खांबांवर चढलेले मिऱ्यांचे वेल, पलीकडे मिठागरं,
संध्याकाळी काठावर गोऱ्या म्हाताऱ्यांची रांग,
प्रत्येकाच्या हातात बाटली
आणि डोक्यात आपापल्या देशातल्या थंडीचं बिल.

आठवड्यात हे सुकले.
सकाळी खिशाला पेन लावून निघायचे,
पुलापर्यंत जायचे, परत यायचे.
कोणी विचारेना, कुठी चाल्ले भाऊ?
कोणी म्हणेना, बसा ना,
थे तुमच्या तीन नंबर युनिटचं काय झालतं?
अडतीस वर्षं ज्या माणसाच्या बोटाखालून वीज गेली
त्यानं इथं बटण दाबलं
तर फक्त दिवा लागायचा.

आणि मी.
कोणी विचारेना, हेच तर.
पोरगी एकच काऊन? पदर कुठी गेला?
आज भाजीले काय केलं?
मी बाजारात एकटी गेले, बोटांवर भाव केला,
चिंच ओळखली, शेवग्याचा पाला ओळखला.
मासेवालीला माझं नाव, रेणुका, जमेना.
तिनं मला जे म्हटलं
ते मी ठेवून घेतलं.
अर्थ अजून विचारला नाही.

केपच्या समुद्रात लुगडं खोचून
गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. वय एकसष्ट.
लाट आली, लाट गेली,
एकीलाही
स्वयंपाकाची वेळ झाली नव्हती.

बेचाळिसाव्या दिवशी हे म्हणाले, चाल.
तिकीट बदलायचा दंड भरला,
तो वहीत लिहिला नाही.

आता हे थांब्यावरच्या सिमेंटच्या बाकावर असतात,
बाळापूरची गाडी येईपर्यंत कंबोडिया सांगतात.
शहाळं अर्ध्या डॉलरले, पण चव नाई बाप्पा.
लोक ऐकतात. यांचं वजन वाढलंय,
रंग परत आलाय. चांगलं आहे.

वही माझ्याकडे आहे.
मी मागच्या पानापासून लिहिते, उलटी.
एकटीला खालची खोली पुरे, नव्वद डॉलर.
मोलकरीण: शून्य.
शिवणाचे आणि लोणच्याचे पैसे वेगळे डब्यात,
अजून विमानाच्या एका पंखाएवढेही नाहीत.
बोलायला माणूस: शून्य.
हे यांनी खर्चात धरलं असतं,
मी शिल्लकेत धरते.

काल लाईट गेली होती तेव्हा
मेणबत्तीत पहिलं पान उघडलं
आणि डाळीसमोर उत्तर लिहून टाकलं:
तूर मिळत नाही.
मूग मिळतो.
भागतं.