विनामोबदला

मिस्किटा वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि म्हणाले, बाई, हा कागद काही नाही.
म्हणजे कागद आहे,
पण नोंदला नाही कुणी.

मी ओळखलं त्याला.
दहा रुपयांचा स्टँपपेपर, एक्याण्णवचा.
खाली माझी सही, हेमलतामधला ता घसरलेला,
कारण मेंदी ओली होती
आणि दादा म्हणाला होता, नुसती फॉर्मॅलिटी गं,
खाली टेम्पो थांबलाय.
सहीशेजारी एक तपकिरी डाग.
तेहतीस वर्षं तो तेवढाच राहिला.

वकिलांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला.
वडील गेले, मृत्युपत्र नाही, वाटे तीन.
आई गेली, तिचंही नाही, तिच्या वाट्याचे दोन.
एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश.
पेन्सिल थांबली.
निम्मं घर तुमचं आहे.

दादाचं नाव शेअर सर्टिफिकेटवर चढलं
तेव्हा सोसायटीकडे कुणाची हरकत आली नव्हती.
माझी कशी येणार, मी नाशिकला होते.

मुलुंड पूर्व, तिसरा मजला, चारशे दहा फूट.
त्यातले दोनशे पाच माझे असताना मी
दर भाऊबीजेला दारात उभी राहून बेल वाजवत होते.
पाणी मागून घेत होते.
गॅलरीतल्या खाटेवर झोपत होते, कूस न बदलता,
कारण खाट करकरायची
आणि दादाला सकाळची शिफ्ट.
निघताना वहिनी ओटी भरायची
माझ्याच स्वयंपाकघरातल्या तांदळानं.

वहिनी वाईट नाही.
दादाचं डायलिसिस तिनं बांगड्यांवर काढलं.
आता गिऱ्हाईक आलंय, नायर म्हणून, दोघं तरुण,
तिला सातवा महिना.
त्यांची बँक म्हणते टायटल क्लिअर नाही.
वहिनीनं फोनवर सांगितलं,
रक्ताच्या तपासणीत काही आढळावं तशा आवाजात:
वन्सं, तुमचं नाव निघालंय.

निघालंय म्हणजे?
पापुद्रा उचकटला की खालचा जुना रंग निघतो, तसं?
की लॉटरीत निघतं, तसं?

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत टोकन एकशे बारा.
आधारच्या यंत्रावर अंगठा उठेना.
पुसा, परत ठेवा. पुसा, परत ठेवा.
भांड्यांनी रेषा गेल्या, मी म्हटलं.
पोरगा म्हणाला, बायकांचं होतं असं,
मधलं बोट ठेवून बघा.

एजंटनं मसुदा मांडीवर ठेवला.
मी, सौ. हेमलता अच्युत दिघे,
पूर्वाश्रमीची कु. हेमलता वामन कर्णिक.
पूर्वाश्रमीची!
जणू संन्यास घेऊन गेले होते नाशिकला.
पुढे वाचलं. नैसर्गिक प्रेमापोटी,
कोणाच्याही दडपणाशिवाय,
विनामोबदला.
नावाला जागा कोरी सोडतात, तारखेला सोडतात,
हे मात्र छापूनच येतं.

हा शब्द काढा.
कुठला?
मी बोट ठेवलं. शब्द बोटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर उरला.

वहिनी काही बोलली नाही.
पर्समधून बाटली काढली, झाकण फिरवलं,
आधी मला दिली.
मग म्हणाली, किती?

मी आकडा घेऊन आले नव्हते.
खरंच नव्हते.
समोरच्या बाकावर नायरबाई पोटाखाली हात धरून
पंख्याकडे बघत होती.

एकशे बारा, आतून हाक आली.
एजंट म्हणाला, मॅडम, मसुदा बदलला की मुद्रांक बदलतो,
काम उद्यावर जाईल.
जाऊ दे, मी म्हटलं. उद्या येते.
वहिनी, आज मी नाशिकला जात नाही.
अंथरूण घाल.
गॅलरीत नको, आतल्या खोलीत.
खिडकीकडची बाजू मला.