उत्तर

जानेवारीभर आम्ही गोल भरले.
उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स मीच आणायचे चोपड्याहून,
आधी पेन्सिलने, मग त्याच कागदावर काळ्या पेनने.
ठिपका नको, टिकली नको,
चूल पोतारतात तसा भर,
कडेपर्यंत, पण कडेबाहेर नाही.
कुणाल लोटन सपकाळे इतका जोर लावायचा
की कागदाला भोक पडायचं
आणि त्यातून खालच्या सतरंजीचा निळा रंग दिसायचा.

पाचवीची सात मुलं.
मराठी बरं. गणित म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट,
कधी हाती यायचं, कधी तळाशी.
बुद्धिमत्तेत आरशातलं घड्याळ सगळ्यांना रडवायचं,
दिशा मात्र आमच्या हक्काच्या.
आमच्या गावात दिशा शिकवाव्या लागत नाहीत.
सातपुडा म्हणजे उत्तर. तापी म्हणजे दक्षिण.
यावलची एस.टी. जिकडून येते ती पूर्व,
आणि चोपड्याचा बाजार पश्चिम.

‘विनय घरून उत्तरेला चार किलोमीटर चालला,
उजवीकडे वळून तीन,
पुन्हा उजवीकडे वळून चार.
तर तो घराच्या कोणत्या दिशेला आहे?’
जायदा तडवीचा हात वर.
मॅडम, चार किलोमीटरवर तर नाला लागतो,
उजवीकडे केळीची बाग, तिला तारेचं कुंपण,
विनय वळला कुठून?
परीक्षेत कुंपण नसतं, मी म्हटलं.
मग डुकरं शिरत असतील, ती म्हणाली,
आणि वहीत लिहिलं: पूर्व.

फेब्रुवारीतला रविवार.
एक क्रूझर, सात मुलं, चौदा पेनं रबरात बांधलेली,
डब्यात कळण्याची भाकरी.
प्रवेशपत्रावर सातही चेहऱ्यांमागे
एकच निळी साडी, माझी,
वर्गाच्या भिंतीवर खिळ्यांनी ताणलेली.
सगळा रस्ता उजव्या हाताला डोंगर,
धुक्यात असला तरी डोंगरच.

केंद्र तीन मजली.
फाटकाबाहेर थर्मास घेतलेले आईबाप,
कुणी शेवटच्या मिनिटाला पाढे म्हणून घेणारे.
मी कडुलिंबाखाली बसले
आणि पर्समधली बिलं उगाच लावत राहिले.

संध्याकाळी पर्यवेक्षक भेटले.
तुमचा तो सपकाळे, म्हणाले,
दुसऱ्या पेपरला दोनदा उठून खिडकीशी गेला.
काय पाहिजे रे, विचारलं,
तर म्हणे, ‘सर, आठेन डोंगर दिखत नई.’
बाहेर होतं काय, तर बँकेची भिंत.
बस म्हटलं. बसला बिचारा.

क्रूझरमध्ये त्याची प्रश्नपत्रिका मागून घेतली.
कच्च्या कामाच्या जागेत
वरच्या कडेला तीन दात काढलेला सातपुडा,
खाली दोन रेघांची तापी,
मधे काडीचा विनय.
बागेचं कुंपणही काढलं होतं त्याने,
आणि एका जागी तार वाकवून ठेवली होती,
विनयला जाता यावं म्हणून.

कार्बन प्रतीवर त्या प्रश्नाचा गोल बरोबर,
काळाकुट्ट, भोक पडायला आलेला.
त्यापुढचे सहा कोरे.
तिथवर मी गुण मोजत आले होते.
पेन टोपणात घातलं.

यंत्र गोल वाचतं.
कच्चं काम कुणी वाचत नाही, हे मीच सांगितलेलं त्यांना,
फळ्यावर, अधोरेखित करून.

कुणाल काचेला कपाळ लावून झोपला होता.
डोंगर आता डाव्या हाताला,
बागांच्या वरून सोबत येत होता, निळा, सुस्त.
मागून जायदाने विचारलं,
मॅडम, जिथे डोंगरच नसतो
तिथली माणसं उत्तर कशी शोधतात?
सतरा वर्षांची नोकरी.
मी म्हणाले, ध्रुवतारा बघून.
चार वाजले होते. रखरखीत ऊन होतं.
सहाच्या सहा जणांनी वर बघितलं.