सत्तेचाळीस नंबरची चौकट

दहावीचा तक्ता भिंतीला चिकटवून
पोरगी म्हणाली, बाबा, सत्तेचाळीस नंबर आपला.
बघितलं तर चौकटीत दोन अक्षरं, ए आणि जी.
चांदीत ए-जी कुठं? सिल्व्हरमध्येही नाही.
बावीस वर्षं हुपरीत तार ओढतोय,
जंतरीच्या भोकाभोकातनं केसाएवढी केलेली,
आणि माझ्याच मालाचं नाव मला लागेना.

हंजे सरांनी सांगितलं म्हणे:
अर्जेंटम. लॅटिन. जुन्या रोमी लोकांचा शब्द.
त्याच्याही मागं एक शब्द, कुणी लिहून न ठेवलेला,
नुसता अंदाजानं बांधलेला.
अर्थ: पांढरं. लखलखीत.
त्याची एक फांदी रोमला गेली,
एक आपल्याकडं. रजत,
आणि अर्जुन.

अर्जुन?
मी चिमटा खाली ठेवला.

थोरला भाऊ अर्जुन माझा.
मुशीपुढं बसून तव्याच्या बुडासारखा झालेला,
टाकणखाराच्या धुरानं डोळे लाल, भुवया जळक्या.
आई म्हणायची, ह्याला अंधारात हाक मारली
तर आधी दात येत्यात बाहेर.
पैंजणांची पेटी घेऊन सेलमला गेला.
दोन पत्रं आली. मग नाही.
नावाचा अर्थ पांढरा, हे त्याला कोण सांगणार होतं?

पोरगी पुढं सांगतच होती: लांब, समुद्रापलीकडं
एका देशाला ह्याच शब्दावरनं नाव पडलं,
आणि चांदीच्या आशेनं गेलेल्यांना
तिथं ती फारशी गावलीच नाही.
मला हसू आलं. आमच्याकडं खाण नाही,
गावाच्या नावात चांदी नाही,
तरी उंबऱ्याउंबऱ्यात बायका मांडीवर परात घेऊन
कड्या जोडत बसलेल्या,
आणि झारेकरी गटारातला गाळसुद्धा विकत नेतो.

म्हटलं, सरांना एक सांग.
मुशीतनं निघते तेव्हा ती मळकीच असते.
रिठ्याच्या पाण्यात घासून पांढरी करावी लागते.
कपाटात ठेवली, की परत काळी.

रात्री तिची वही उघडीच राहिली.
दोन शब्द, एकाखाली एक.
अ. मग ज, त्याच्यावर रफार.
तिथवर एकच वाट.
पुढं एक उकार घेऊन सेलमला गेलेली.

वही मिटली. उद्या सकाळच्या गाडीनं
कोल्हापुरात, गुजरीत तीन किलो पोचवायचेत.