पाटी

पाटी माझ्या वडलांनी रंगवली,
अठराशे सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात,
मिसिसिपी गोठून तिच्यावरून गाड्या जायच्या तेव्हा.
त्यांनी विचारलं, "मिस आधी घालू की नंतर?"
ती म्हणाली, "कुठंच नको.
डॉक्टर लिहा. पुढं हुल्दा ब्रॉयर.
अक्षराला पाच सेंट घेता ना तुम्ही?"

तरी वडलांनी डावीकडे चार बोटं जागा सोडली.
पुढंमागं लग्न झालंच, तर मिसेस बसवायला.
माणूस वाईट नव्हता. हिशेबी होता.

अकरा महिने कुणी फिरकलं नाही.
मग एक खेचर आलं, मानेवर गळू घेऊन.
मालक म्हणाला, "बाई आहे म्हटल्यावर
मला वाटलं, जनावरांची असेल."
तिनं गळू कापलं, धुतलं, डझनभर अंडी घेतली
आणि खेचराचं नाव विचारून
वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं.

त्यानंतर बायका येऊ लागल्या.
मागच्या दारानं, रात्री,
चेहऱ्यावर शाल ओढून.
दिवसा त्याच बायका
डॉक्टर फेल्प्सच्या दवाखान्यात नवऱ्याशेजारी बसत
आणि डोकं दुखतं म्हणून सांगत.

मग नदीतून शिंपले निघाले,
आणि मस्कटीन गाव बटणं पाडू लागलं.
रस्त्यात भोकं पडलेल्या शिंपल्यांचा खच,
खिडक्यांवर पांढरी भुकटी, भाकरीवर भुकटी,
खोकल्यात तीच.
मी चौदाव्या वर्षी छिद्रं पाडायच्या मशीनवर बसले.
हे बोट बघा. म्हणजे, नाही ते.
"सोमवारी आली असतीस तर वाचवलं असतं," ती म्हणाली.
मी शुक्रवारी गेले होते.
शनिवारी पगार असतो.

तिनं कापलं. मी ओरडले नाही, असं ती सगळ्यांना सांगायची.
मी ओरडले होते.
मग म्हणाली, "नऊ बोटांनी लगाम धरता येतो,"
आणि मला बग्गीवर ठेवून घेतलं.

त्या वर्षी तिनं नगरपालिकेला एक कागद दिला:
किती बोटं, किती छात्या, कुठल्या कारखान्यातल्या.
करवतीवर पाणी सोडा, एवढंच मागणं.
गावच्या आरोग्य डॉक्टरची जागा होती तिच्याकडं,
ती सात मतांनी गेली.
आठवे पाद्रीबाबा. त्यांना त्या संध्याकाळी ताप होता.
दुसऱ्या दिवशी ती त्यांना बघून आली.
ताप खरंच होता, म्हणाली.

तिच्या चुकांचंही सांगते.
क्र्यूगरच्या पोराचा घसा तिला साधा वाटला.
दोन दिवसांनी साधा नव्हता.
नंतर कितीही घाई असो,
सीडर स्ट्रीट आला की ती म्हणायची, "वरून घे."
मी वरून घ्यायची. घोडीसुद्धा शिकली होती.
आईच्या कडेवरून उतरलेलं ते पोर,
कॉलरला शिंपल्याची बटणं,
त्यातलं एक तुटलेलं.
एवढंच तिनं मला एकदा सांगितलं,
नंतर विषय काढला नाही.

बत्तीस वर्षांनी ती गेली, झोपेत, मार्चमध्ये.
पेपरात चार ओळी आल्या.
पहिला शब्द "अविवाहित".
नवा डॉक्टर पाटी उतरवायला आला.
सगळीकडं रंग उडाला होता,
फक्त डावीकडची चार बोटं तेवढी तशीच,
त्यांवर कधी कुणी काही लिहिलंच नव्हतं.
तो म्हणाला, "मागचं दार बुजवून टाकू या, वारा येतो."
मी म्हटलं, बघू.

त्याच रात्री कडी वाजली.
कंदील घेऊन गेले.
पायरीवर एक मुलगी, सतरा-अठराची,
डोक्यावरून शाल, ओठ निळे,
एक हात पोटावर.
तिला अजून कळलं नव्हतं.

मी तिला आत घेतलं.
चुलीत लाकडं सारली,
आणि पाणी ठेवलं.