गुरुवारची नोंद

आमच्या ऑफिसात सातव्या मजल्यावर सौना आहे.
औलूत याचं कुणाला नवल नाही,
सायकली लावायला जागा असते तसा सौना असतो.
दर गुरुवारी चारला त्याची शेगडी आपोआप पेटते,
कारण संगणकात एक कायमची नोंद आहे:
रायमो ह्यूत्तिनेन, पाच ते सात.
पाच ते सहा बायका, सहा ते सात पुरुष,
हेही त्यानेच ठरवलेलं.

रायमोला जाऊन चौदा महिने झाले.
जाऊन म्हणजे, जिवंत आहे तो,
तिसऱ्या फेरीत गेला एवढंच.

पहिल्या फेरीला आम्ही केक आणला होता.
दुसरीला कार्ड, सगळ्यांच्या सह्यांचं.
तिसरीत ते कार्ड फिरवणारी सिर्काच निघाली यादीत,
मग कार्ड राहिलं,
अजून तिच्या खणात आहे, कोरं, वर बदकाचं चित्र.

माझं काम फोन पाडायचं.
दीड मीटरवरून, काँक्रीटवर,
कोपऱ्यावर, पाठीवर, तोंडावर.
मग वाकून बघायचं काय फुटलं
आणि वहीत लिहायचं.
जे मॉडेल पाडते आहे ते ऑगस्टमध्ये रद्द झालं.
मला थांब असं कुणी सांगितलं नाही.
सांगणारा बहुतेक आधीच गेला.

माझा साहेब फेब्रुवारीत एस्पोला होता,
मेमध्ये सॅन दिएगोला.
आता नुसता एक पत्ता आहे, तिथून उत्तर येतं,
'धन्यवाद, आउने.'
खाली नाव नसतं.
दर तिमाहीला नवा तक्ता, नव्या चौकटी, नव्या रेघा.
एकदा माझं नाव दोन चौकटींत छापून आलं.
वेइक्को म्हणाला, बरं झालं,
एक आउने गेली तरी एक उरेल.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणे.
आम्ही सुपातले.
कँटीनमध्ये मटार सूप खातो, गुरुवारचं,
आणि एकमेकांच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे
चोरून बघतो, हिरवा दिवा लागतोय ना दाराशी.

रायमोची नोंद कुणाला पुसता येईना.
ज्याने केली त्यानेच रद्द करावी असा नियम,
त्याचं खातं बंद,
आणि बंद खाती उघडणारा विभाग
दुसऱ्या फेरीत संपूर्ण गेला.
सुरुवातीला कुणी वर फिरकलं नाही.
रिकाम्या खोलीत दर गुरुवारी ऐंशी अंश, कुणासाठीही नाही.
मग जानेवारीत उणे सत्तावीस झालं,
खर्च वाचवायला तीन मजल्यांची ऊब बंद केली,
तेव्हा आम्ही चढलो.
अंधारात फळीवर बसलेल्या बाईचं
पद काय ते दिसत नाही.
हिशेब खात्याची कुणीतरी रडली एकदा,
मी फक्त पाणी ओतलं दगडांवर, जरा जास्त.

मार्चमध्ये रायमोला फोन केला.
मुहोसला शाळेच्या मुलांची टॅक्सी चालवतो.
सांगितलं, तुझा सौना अजून तापतो दर गुरुवारी.
बराच वेळ तो गप्प.
मागे कुणी मूल गाणं म्हणत होतं, बेसूर.
मग विचारलं त्याने, 'दगड बदलले का?
वरचे तडकले होते गेल्या साली.'

मी बघितले. तडकले होते.
बोटांत घेतला तर एक चुरलाच.

काल हार्डवेअरच्या दुकानातून वीस किलो दगड आणले,
पोटकुरीवर बांधून, बर्फावरून ढकलत.
हिरवा दिवा लागला.
एकेक करून रचले, मोठे खाली,
हलक्या हाताने.
हातातलं काही न पाडण्याची
सवय मोडली होती माझी.

आज गुरुवार.
दुपारी दोनला सगळ्यांना मेल आलंय:
उद्या नऊला सभा, विषयाच्या जागी काही नाही.
कोण वाचतंय, कोण खुर्ची मागे सारून उभं आहे,
वेइक्को टॉवेल खांद्यावर टाकून जिन्याशी थांबलाय,
म्हणतो, पहिला तास तुमचा, लवकर आटपा.

चार वाजले.
वर शेगडीचा खटका पडल्याचा आवाज
इथवर येत नाही.
मला आला.