सेक्टर सातची पानगळ

तुर्भ्याच्या गोदामातून टेम्पो आला तेव्हा
वॉचमन रामसुमेरनं वहीत लिहिलं:
भोपळे, नग चौदा. वजन काही नाही.

ऑक्टोबर. घणसोलीत अंगाची काहिली,
पार्किंगच्या खांबांनाही घाम फुटलेला,
आणि सेक्रेटरी तांबटकर म्हणतात,
मॅडम, यंदा गेटवर ऑटम करू.
एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवली मी,
ऋतूंच्या तक्त्यात ऑटमला चौकोन नव्हता.
शरद होता, हेमंत होता,
पानं गळायची ती शिशिरात.
म्हटलं, करू.

फोमचे भोपळे. मधोमध साच्याची शिवण.
तापलेली सुरी लावली की
मांस नाही, गर नाही,
आपणहून मागे सरतात,
जळक्या चपलेचा वास येतो.
विळ्याशी ह्यांचं कसलं वैर असणार.

चौथ्या मजल्यावरची त्रिशला आली मदतीला.
परवाच गणितात भोपळा मिळालाय तिला,
म्हणून सगळ्यात मोठा तिनं स्वतःकडे ओढला
आणि त्याला जांभळा दिला. केशरी नाही.
मी काही बोलले नाही.

शिवणी बुजवल्या खळ लावलेल्या कागदपट्ट्यांनी.
गेरू, पिवळा, सावलीला किंचित काळा.
देठांना सुतळी.
पानांपाशी अडलो.
खाडीपर्यंत जिकडे बघावं तिकडे हिरवं,
वाळलेलं पान औषधाला नाही.
मग जुने पेपर चहाच्या पाण्यात बुडवले,
दोरीवर वाळवले, कात्रीनं शिरा काढल्या.
एका पानावर शेअरचे भाव, एकावर कुणाचं तरी तेरावं.

संध्याकाळी गोमाबाय माठाच्या जुड्या घेऊन आली.
टोपली उतरवली, एक भोपळा उचलला,
आणि कानाशी धरून पेरानं वाजवला,
तिच्या हाताला ती सवयच आहे.
"यो तं बोलतच नाय गो."
मग तिसऱ्या खांबाकडे हनुवटी केली:
थं आमचा बांध होता. बांधावर वेल.
एकेक भोपला दोघांनी उचलायचा.
भाव सांगावा तशी म्हणाली,
आणि माठाची जुडी पंधराला दिली.

त्या रात्री परतीचा पाऊस, वारा.
तीन भोपळे गटाराच्या दिशेनं गडगडले,
रामसुमेर शिट्टी फुंकत मागे.
सकाळी आम्ही प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडून
बांधकामावरची वाळू भरली.
त्यानंतर ते भोपळ्यासारखे बसले.

फोटो झाले. तांबटकर खूश.
पुढच्या शनिवारी बघते तर
जांभळ्याच्या देठाला लिंबू-मिरची.
सात मिरच्या, मोजून, काळ्या दोऱ्यात.
रामसुमेर म्हणाला, आई शपथ, मैं नहीं.
लिफ्टवाले म्हणाले, आम्ही नाही.
एकोणीस मजल्यांत कुणाला कुणाची दृष्ट लागली
ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवाळीत आकाशकंदील चढले, भोपळे उतरले,
तेरा गेले गच्चीवरच्या खोलीत.
चौदाव्याला कोण हात लावणार?
तांबटकर एम.टेक., स्वतः वाकले,
अर्ध्यात थबकले, कंबर धरून सरळ झाले.
"असू दे. शोभतोय."

लिंबू सुकून सुपारीएवढं झालं.
जांभळा विटला, भिंतीच्या बाजूनं तेवढा उरला.
त्रिशलाला सहामाहीत बेचाळीस मिळाले,
तिनं येता-जाता त्याला टपली मारायची सोडली नाही.

आणि माघ सरता सरता, एका सकाळी,
गेटजवळच्या बदामानं सुरुवात केली.
कुणी सांगितलं नव्हतं, वर्गणी नव्हती.
एक, मग दोन, मग पायरीभर,
भोपळ्याच्या डोक्यावरही एक, उताणं.

मी उचलून उजेडात धरलं.
काळपट लाल, कडेला जळकं,
शिरेपाशी मात्र अजून हिरवं,
हे मला चहात कसं सापडलं असतं.

झाडूवाला खराटा घेऊन आला.
म्हटलं, थांब रे बाबा,
दहा मिनिटं थांब. पेटी आणते.