उजवीकडून

सालमियात, सातव्या मजल्यावर
मी पुस्तक शेवटाकडून उघडते.
आई म्हणते, सरळ धर गं.
सरळच आहे, हे उजवीकडून वाचतात,
खालच्या बकाल्याच्या अरबी पाटीसारखं.

जेनेलने दिलंय. तिसरा भाग, कव्हरवर चहाचा डाग.
यात एक मुलगी आहे, दहावीतली,
आणि एक मुलगा, ज्याची सावली पडत नाही.
शाळेच्या गच्चीवर उभा असतो
आणि फक्त तिलाच दिसतो.
एका अख्ख्या पानावर दोघं काहीच बोलत नाहीत.
नुसती तिची उडती रिबीन
आणि एक रिकामा फुगा, शब्द लिहायचे राहिलेला.

पाचव्या मजल्यावरचा शिबिन
वर्गात माझ्या मागे बसायचा.
मार्चमध्ये त्याच्या बाबांचा अकामा संपला.
गुरुवारी होता, रविवारी नव्हता.
मिस अजून हजेरीत त्याचं नाव घेतात, सवयीने,
मग थांबतात,
आणि तेवढ्यात एसी किती मोठ्याने वाजतो ते कळतं.

लिफ्टच्या आरशावर त्याने कर्कटकाने
मल्याळममध्ये काहीतरी कोरलंय.
मला ती लिपी येत नाही.
कुणाला विचारलंही नाही.

चौथा भाग मिळत नाहीये.
तो मुलगा शेवटी माणूस होतो की विरून जातो
हे जेनेलला माहीत आहे.
मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

आज धुळीचं वादळ, शाळा बंद,
खिडकीला तांबूस थर.
लिफ्टने मी खाली गेले, वर आले,
परत खाली,
आरशात माझ्या डाव्या खांद्यामागे
एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.